मोटार एंजिनाचे ओतीव संकेतांक

मोटार एंजिनाचे ओतीव संकेतांक : मोटारगाडीच्या एंजिनाचा सिलिंडर ठोकळा, सिलिंडर शीर्षे, अंतर्ग्रहण व निष्कास नळकांडी इ. भाग ओततानाच त्यांच्या पृष्ठभागावर उठावाने उमटविलेले अंक, अक्षरे व चिन्हे. हे संकेतांक मुळात कारखान्याच्या अंतर्गत सोयीसाठी योजलेले असतात. कोणता भाग कोणत्या आराखड्यानुसार, कोणत्या ओतशाळेत व कोणत्या दिवशी ओतला गेला, हे त्यांवरून कळते. भागात दोष आढळल्यास तो कोणत्या घाणीतील आहे हे शोधता यावे, एवढाच त्यांचा मूळ उद्देश होता. जुन्या मोटारगाड्यांचा संग्रह व जीर्णोद्धार यांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महत्त्व आल्यावर मात्र हेच संकेतांक एंजिनाची ओळख पटविण्याचे व त्याची किंमत ठरविण्याचे प्रमुख साधन बनले. दिसण्यात एकसारख्या असणाऱ्या दोन ठोकळ्यांपैकी एक भंगाराच्या भावाने विकला जावा आणि दुसरा गाडीच्या किमतीत अनेक पटींनी भर घालणारा ठरावा, एवढा फरक या चिन्हांच्या योग्य वाचनामुळे पडू शकतो.

जुन्या गाड्यांसाठी वापरण्यात येणारा ‘व्हिंटेज’ हा शब्द ब्रिटिश संघटनांच्या परिभाषेत १९३१ पूर्वी तयार झालेल्या गाड्यांपुरता मर्यादित आहे. सामान्य व्यवहारात व भारतातील नियमांत तो अधिक व्यापक अर्थाने वापरतात. प्रस्तुत नोंदीत हा व्यापक अर्थ गृहीत धरला असून विवेचन मुख्यत्वे अमेरिकन एंजिनांच्या आधारे केले आहे. कारण ओतीव संकेतांकांचा सर्वांत तपशीलवार अभ्यास याच एंजिनांच्या बाबतीत झालेला आहे. प्रत्यक्ष भागांवरील अक्षरे रोमन असतात. येथे ती देवनागरीत दिली आहेत.

ओतीव व ठोकीव क्रमांक : एंजिनावर आढळणारे क्रमांक दोन प्रकारचे असतात व त्यांतील भेद ध्यानात न घेतल्यामुळेच बहुतेक चुका होतात. ओतीव क्रमांक पृष्ठभागापासून वर उचललेले असतात. सिलिंडर ठोकळा, ज्याला कारागीर नुसते ‘ब्लॉक’ म्हणतात, तो बिडाचा असून वाळूच्या साच्यात सु. १,४००° से. तापमानाचा रस ओतून तयार करतात. साचा ज्या फर्म्यावरून घेतात त्या फर्म्यावर किंवा गाभ्याच्या पेटीत अंकांच्या लहान पट्ट्या बसविलेल्या असतात. त्यांचा ठसा वाळूत उमटतो आणि रस थिजल्यावर तो बिडावर उठून दिसतो. आराखड्याचा क्रमांक दाखविणारी पट्टी कायम असते, तर दिनांकाची पट्टी वेळोवेळी बदलण्यात येते. काही ठोकळ्यांवर घड्याळाच्या तबकडीसारखे वर्तुळाकार चिन्हही असते. त्यावरून ओतकामाचा तास व पाळी यांची नोंद होत असे.

ठोकीव क्रमांक हे यंत्रण केलेल्या सपाट भागावर पोलादी ठशांनी ठोकून खोलगट उमटविलेले असतात. एंजिनाची जुळणी पूर्ण झाल्यावर किंवा ते गाडीत बसविण्याच्या सुमारास ते ठोकले जातात. ओतीव क्रमांक एका आराखड्याच्या हजारो ठोकळ्यांना समान असतो. ठोकीव क्रमांक मात्र त्या विशिष्ट एंजिनाचा प्रकार आणि पुष्कळदा ते ज्या गाडीत बसविले ती गाडी यांची ओळख सांगतो. थोडक्यात, ओतीव क्रमांक जातीचा असतो, तर ठोकीव क्रमांक व्यक्तीचा.

प्रारंभीच्या काळात हा भेद एवढा गुंतागुंतीचा नव्हता. फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी या गाडीत एंजिनावर ठोकलेला क्रमांक हाच गाडीचाही क्रमांक असे आणि ठोकळ्यावर ओतकामाचा दिनांक महिना, दिवस व वर्ष अशा सरळ अंकांत दिलेला आढळतो. मे १९२७ मध्ये दीड कोटीव्या मॉडेल टी गाडीची निर्मिती झाली. उत्पादनाची संख्या अशी वाढत गेली, तसेच एका आराखड्याच्या ठोकळ्यापासून अनेक प्रकारची एंजिने बनविण्याची प्रथा पडली. त्यामुळे संक्षिप्त संकेतांकांची पद्धती अपरिहार्य झाली.

शेव्हरोले पद्धती : जनरल मोटर्स कंपनीच्या शेव्हरोले विभागाने १९५५ साली एड कोल यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले आठ सिलिंडरांचे व्ही-आकाराचे, ‘लहान ठोकळ्याचे’ म्हणून प्रसिद्ध असलेले एंजिन बाजारात आणले. या कुळातील एंजिनांची एकूण संख्या २०११ मध्ये दहा कोटींवर गेली. संकेतांकांच्या अभ्यासाचे हे सर्वांत बोधप्रद उदाहरण आहे.

या एंजिनाचा ओतीव क्रमांक साधारणपणे सात अंकी असून तो ठोकळ्याच्या मागील टोकास, क्लचचे आवरण ज्या कडेला जोडतात तिच्यावर, सुकाणू डावीकडे असलेल्या गाडीतील चालकाच्या बाजूस असतो. ओतकामाचा दिनांक एक अक्षर व त्यानंतरचे दोन किंवा तीन अंक यांनी दर्शवितात. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी या क्रमाने एल म्हणजे डिसेंबर. त्यापुढे दिवस आणि शेवटी वर्षाचा अखेरचा अंक. उदा., ‘सी ५ ९’ म्हणजे वर्षाचा अखेरचा अंक ९ असलेल्या वर्षातील ५ मार्च. दशक मात्र यात सांगितलेले नसते, ही या पद्धतीतील मोठी उणीव होय.

जुळणीचा ठोकीव संकेतांक ठोकळ्याच्या पुढील बाजूस, उजव्या सिलिंडर शीर्षाच्या अगदी पुढे असलेल्या लहान सपाट पट्टीवर असतो. ‘व्ही ०३१४ डीझेड’ या संकेतांकात व्ही हे अक्षर मिशिगनमधील फ्लिंट येथील कारखान्याचे, ०३१४ म्हणजे १४ मार्च हा जुळणीचा दिनांक आणि डीझेड ही दोन प्रत्ययाक्षरे एंजिनाचा नेमका प्रकार दर्शवितात. न्यूयॉर्क राज्यातील टोनावांडा येथील कारखान्यासाठी टी हे अक्षर असे. १९७० पासून प्रत्ययाक्षरे दोनऐवजी तीन झाली. तीच अक्षरे वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या एंजिनांना दिली गेल्याने वर्ष निश्चित झाल्याखेरीज त्यांचा अर्थ लावता येत नाही.

ओतीव क्रमांक एकटा किती अपुरा असतो, हे ३९५६६१८ या क्रमांकावरून दिसते. १९६९ च्या या ठोकळ्यापासून ३०२ घ. इंचांचे व ३५० घ. इंचांचे अशी दोन्ही एंजिने बनविली गेली. दोहोंच्या सिलिंडरांचा व्यास ४ इंचच आहे. फरक आहे तो भुजादंडामुळे बदलणाऱ्या दट्ट्याच्या धावेत. यांपैकी ३५० घ. इंचांचे एंजिन सर्वसामान्य गाड्यांतून फार मोठ्या संख्येने वापरले गेले. ३०२ घ. इंचांचे एंजिन केवळ १९६७ ते १९६९ या तीन वर्षांत कॅमारो झेड/२८ या गाडीसाठी तयार झाले. १९६६ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्स-अॅम शर्यतींच्या नियमानुसार एंजिनाचे घनफळ ३०५ घ. इंचांहून कमी असावे लागे. त्यासाठी ३२७ घ. इंची एंजिनाचा व्यास व २८३ घ. इंची एंजिनाची धाव यांचा मेळ घालण्यात आला. १९६७ मध्ये अशा फक्त ६०२ गाड्या तयार झाल्या, तर १९६९ मध्ये त्यांची संख्या २०,३०२ होती. १९६९ च्या ३०२ घ. इंची एंजिनाची खूण म्हणजे वर दिलेली डीझेड ही अक्षरे. ती नसतील, तर ३९५६६१८ या क्रमांकाचा ठोकळा दुर्मिळ एंजिनाचा आहे असे म्हणण्यास आधार राहत नाही.

दशकाविषयीचा घोटाळा ३९७००१० या क्रमांकाच्या बाबतीत विशेष जाणवतो. हा ठोकळा १९६९ पासून सत्तरीच्या दशकाच्या अखेरपर्यंत ओतला जात होता. त्यामुळे वर्षाच्या जागी ९ हा अंक असलेला ठोकळा १९६९ चा असेल किंवा १९७९ चाही असेल. अशा वेळी ठोकीव संकेतांकातील प्रत्ययाक्षरांची संख्या उपयोगी पडते. ती दोन असल्यास १९६९ व तीन असल्यास १९७९ असा निर्णय करता येतो. या ठोकळ्यातील मधल्या तीन मुख्य धारव्यांच्या टोप्या प्रत्येकी दोन किंवा चार बोल्टांनी बसविलेल्या असू शकतात. चार बोल्टांची रचना अधिक मजबूत व म्हणून अधिक मोलाची मानतात. परंतु ती ओतीव क्रमांकावरून ओळखता येत नाही. त्यासाठी तेलाचे तळपात्र उतरवून पाहावे लागते.

सिलिंडर शीर्षांवरही स्वतंत्र क्रमांक व दिनांक असतात. ते झडपांवरील झाकण काढल्यावर दिसतात. याशिवाय शीर्षाच्या टोकावर ओतलेली साधी आकृतीही बोलकी असते. उदा., ३७८२४६१ क्रमांकाच्या शीर्षांवर उंटाच्या दोन वशिंडांसारखे चिन्ह असून ती साठीच्या दशकातील अधिक शक्तीच्या एंजिनांवर बसविली जात. १९६९ पासूनच्या शीर्षांच्या टोकांना उपसाधने जोडण्यासाठी आटे पाडलेली छिद्रे दिसतात. त्याआधीच्या शीर्षांना ती नसतात. म्हणून १९६७ ची म्हणून दाखविलेल्या एंजिनावर अशी छिद्रे असलेली शीर्षे आढळल्यास ती नंतर बसविलेली आहेत हे झाकण न उघडताही कळते.

फोर्ड पद्धती : फोर्ड कंपनीचा ओतीव क्रमांक अधिक अर्थवाही आहे. ‘सी५एई-६०१५-ई’ हा क्रमांक उदाहरणादाखल घेता येईल. पहिले अक्षर दशक दाखविते : बी म्हणजे १९५० चे, सी म्हणजे १९६० चे व डी म्हणजे १९७० चे दशक. पुढील अंक त्या दशकातील वर्षाचा. म्हणजे सी५ हे १९६५ होय. तिसरे अक्षर ज्या गाडीसाठी मूळ आराखडा केला तिचे असते. ए म्हणजे कंपनीची मोठ्या आकाराची गाडी, झेड म्हणजे मस्टँग. चौथे अक्षर ई हे आराखडा एंजिन विभागाचा असल्याचे सांगते. ६०१५ हा सिलिंडर ठोकळ्याचा मूळ क्रमांक असून शीर्षासाठी ६०४९ वापरतात. शेवटचे अक्षर आराखड्यातील फेरबदल दर्शविते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. क्रमांकातील वर्ष आराखड्याचे असते, उत्पादनाचे नव्हे. १९६५ च्या आराखड्याचा ठोकळा पुढील वर्षांतही ओतला जाई. प्रत्यक्ष ओतकामाचा दिनांक वेगळा दिलेला असतो व त्यात क्रम वर्ष, महिना, दिवस असा असतो. ‘५एफ२२’ म्हणजे २२ जून १९६५. फोर्डच्या महिन्यांच्या अक्षरांत आय हे अक्षर वगळलेले असल्याने सप्टेंबरसाठी जे व डिसेंबरसाठी एम येते. शेव्हरोलेच्या पद्धतीत आय वगळलेले नाही. दोन्ही पद्धतींची गल्लत केल्यास वर्षाच्या शेवटच्या चार महिन्यांत एका महिन्याची चूक होते. सीएफ हे चिन्ह क्लीव्हलँड येथील व डीआयएफ हे डिअरबॉर्न येथील ओतशाळेचे आहे.

सी५एई-६०१५-ई हा ठोकळा २८९ घ. इंचांच्या साध्या एंजिनात तसेच त्याच घनफळाच्या, २७१ अश्वशक्तीच्या खास एंजिनातही वापरला गेला. खास एंजिनाच्या मुख्य धारव्यांच्या टोप्या अधिक रुंद असतात. त्या प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय केवळ क्रमांकावरून खात्री देणे योग्य ठरत नाही. ज्या गाडीत असे एंजिन मूळचे होते तिच्या ओळख क्रमांकात के हे अक्षर असते. म्हणून ठोकळा व गाडी यांची एकत्रित तपासणी करतात.

मोजमापाने पडताळणी : क्रमांकांवरून काढलेला निष्कर्ष मोजमापाने ताडून पाहणे आवश्यक असते. एंजिनाचे घनफळ पुढील सूत्राने मिळते : घनफळ = ०·७८५४ × (व्यास)² × धाव × सिलिंडरांची संख्या. शेव्हरोलेच्या लहान ठोकळ्याच्या काही एंजिनांची मापे कोष्टकात दिली आहेत.

| नाममात्र घनफळ (घ. इंच) | व्यास (इंच) | धाव (इंच) | घनफळ (सु. घ. सेंमी.) |
|---|---|---|---|
| २६५ | ३·७५० | ३·०० | ४,३४० |
| २८३ | ३·८७५ | ३·०० | ४,६४० |
| ३०२ | ४·००० | ३·०० | ४,९४० |
| ३२७ | ४·००० | ३·२५ | ५,३५० |
| ३५० | ४·००० | ३·४८ | ५,७३० |
| ४०० | ४·१२५ | ३·७५ | ६,५७० |

शीर्ष न उतरविताही ठिणगी-गुडदीच्या छिद्रातून दट्ट्याची धाव मोजता येते. व्यासासाठी मात्र शीर्ष उतरवावे लागते. मिळालेला व्यास कोष्टकातील व्यासाहून थोडा अधिक असल्यास सिलिंडर पूर्वी कातून मोठे केल्याचे समजते. हे काम ठराविक टप्प्यांनी, बहुधा ०·०३० इंचाने करतात. तोपर्यंत ठोकळ्यात आयुष्य शिल्लक असते. ०·०६० इंचापर्यंत कातलेल्या पुष्कळ ठोकळ्यांची भिंत आणखी कातण्याजोगी राहत नाही. भिंतीची जाडी श्राव्यातीत ध्वनितरंगांनी मोजतात व भेगा चुंबकीय कणांच्या परीक्षेने शोधतात. हिवाळ्यात आतील पाणी गोठून ठोकळ्याला पडलेल्या भेगा थंड प्रदेशातून आलेल्या एंजिनांत वारंवार आढळतात.

दिनांकांची संगती : मूळ एंजिन असलेल्या गाडीतील सर्व दिनांक एका क्रमाने लागले पाहिजेत. आधी ठोकळा, शीर्षे व नळकांडी यांचे ओतकाम, नंतर एंजिनाची जुळणी व शेवटी गाडीची बांधणी. यांतील अंतर सामान्यतः काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत असते. साठ्यात पडून राहिलेल्या भागांच्या बाबतीत ते काही महिन्यांचेही असू शकते. ‘सी ५ ९’ हा ओतीव दिनांक व ‘व्ही ०३१४ डीझेड’ हा ठोकीव संकेतांक असलेले एंजिन मार्च १९६९ च्या अखेरीस बांधलेल्या कॅमारोत शोभते. तेच एंजिन फेब्रुवारीत बांधलेल्या गाडीत आढळल्यास ते मूळचे असणे अशक्य आहे. गाडी तयार झाल्यानंतर ओतलेला ठोकळा तिच्यात मूळचा म्हणून दाखविता येत नाही. हा नियम साधा आहे आणि पुष्कळशी फसवणूक त्यानेच उघडी पडते.

१९६८ पासून अमेरिकन कंपन्या गाडीच्या ओळख क्रमांकाचा संक्षेप एंजिनावरही ठोकू लागल्या. शेव्हरोलेच्या ‘१८एन’ने सुरू होणाऱ्या संक्षेपात १ हा अंक विभागाचा, ८ हा १९६८ या वर्षाचा व एन हे ओहायओतील नॉरवुड कारखान्याचे चिन्ह असून त्यापुढे सहा अंकी अनुक्रमांक येतो. हा संक्षेप व गाडीचा ओळख क्रमांक यांचा मेळ बसल्यास गाडीचे क्रमांक ‘जुळणारे’ आहेत असे म्हणतात. पूर्वीच्या गाड्यांत असा थेट पुरावा बहुधा नसतो. तेथे दिनांक व प्रत्ययाक्षरे योग्य असल्यास एंजिन ‘काळाशी सुसंगत’ आहे, एवढेच म्हणता येते. हे दोन शब्दप्रयोग समानार्थी नाहीत व किंमत ठरविताना त्यांतील फरक मोठा पडतो. हमीच्या मुदतीत बिघडलेल्या एंजिनाच्या जागी कंपनीनेच बदलून दिलेल्या शेव्हरोले ठोकळ्यांवर सीई ही अक्षरे आढळतात. असे एंजिन मूळचे नसते. पण त्याचा इतिहास प्रामाणिक असतो.

बनावट क्रमांक व त्यांची परीक्षा : किंमत संकेतांकांवर अवलंबून राहू लागताच त्यांची नक्कलही सुरू झाली. साध्या ठोकळ्यावरील सपाट पट्टी घासून तीवर दुर्मिळ एंजिनाची अक्षरे ठोकणे हा प्रकार सर्वांत प्रचलित आहे. परीक्षक प्रथम पट्टीचा पृष्ठभाग पाहतो. कारखान्यात ठोकळ्याचा माथा ब्रोच यंत्राने सपाट केल्यामुळे त्यावर भुजादंडाच्या दिशेने जाणाऱ्या समांतर बारीक रेषा राहतात. पट्टी घासल्यास त्या नाहीशा होतात किंवा आडव्या-वर्तुळाकार ओरखड्यांनी झाकल्या जातात. ठसे कारखान्यात एका धारकात एकत्र बसवून ठोकीत, म्हणून संकेतांकातील अक्षरे एका रेषेत येतात. सुटे ठसे हाताने ठोकल्यास ती वरखाली होतात. अक्षरांचे वळण त्या कारखान्याच्या त्या वर्षातील निःसंशय अस्सल नमुन्यांशी ताडून पाहतात.

ठोकीव क्रमांक घासून काढला, तरी तो पूर्णपणे नष्ट होत नाही. ठशाच्या आघाताने खालच्या धातूची स्फटिकरचना काही खोलीपर्यंत दबलेली असते. तेथील धातूवर योग्य अम्ल विद्रावाची क्रिया आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या गतीने होते आणि पुसलेली अक्षरे काही काळ पुन्हा दिसू शकतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळांतून ही रीत दीर्घकाळ वापरात आहे. ओतीव क्रमांक मात्र आघाताने झालेला नसल्याने एकदा छिलून टाकला की त्याचा मागमूस उरत नाही.

घासलेली पट्टी ही नेहमीच लबाडीची खूण नसते. भेगाळलेली किंवा वाकलेली बैठक सरळ करण्यासाठी एंजिन दुरुस्त करणारा कारागीर ठोकळ्याचा माथा यंत्रावर छिलतो आणि पुढील पट्टीही त्याच पातळीत असल्याने क्रमांक नकळत नाहीसा होतो. अशा रीतीने अनेक अस्सल एंजिनांनी आपली ओळख गमावली आहे. म्हणून दुरुस्तीपूर्वी पट्टीचे छायाचित्र व ठसा घ्यावा आणि तेवढा भाग वगळून यंत्रण करावे. गेलेला क्रमांक मालकाने पुन्हा ठोकून घ्यावा की नाही, याबद्दल संग्राहकांत मतभेद आहेत. तो जीर्णोद्धाराचाच भाग आहे असे काहींचे म्हणणे आहे. परंतु पुन्हा ठोकल्याची स्पष्ट नोंद न ठेवल्यास पुढील खरेदीदाराची दिशाभूल होते, हे निर्विवाद आहे. गाडीचा ओळख क्रमांक बदलणे हा अमेरिकेत १९८४ च्या संघीय कायद्याने गुन्हा ठरविण्यात आला आहे.

कागदोपत्री पुरावा : संकेतांकांना कारखान्याच्या नोंदींचा आधार मिळाल्यास निर्णय अधिक दृढ होतो. ब्रिटनमधील जॅग्वार कंपनीच्या जुन्या नोंदींवरून गाडीच्या मूळ एंजिनाचा क्रमांक दर्शविणारे प्रमाणपत्र मिळते. जॅग्वारच्या एक्सके मालिकेतील एंजिन क्रमांकाच्या शेवटी येणारा ८ किंवा ९ हा अंक संपीडन गुणोत्तर सांगतो. जनरल मोटर्सच्या पाँटिअ‍ॅक विभागाच्या १९६१ पासूनच्या नोंदी उपलब्ध आहेत. शेव्हरोलेच्या अमेरिकेतील गाड्यांच्या अशा सर्वंकष नोंदी मात्र राहिल्या नाहीत. शेव्हरोलेच्या बाबतीत ओतीव व ठोकीव संकेतांकांना एवढे महत्त्व येण्याचे हे एक मुख्य कारण होय. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोअरर्स सोसायटी’ या संस्थेने कॉर्व्हेट गाड्यांच्या परीक्षणाची काटेकोर पद्धती घालून दिली आहे.

मूल्यमापन : एंजिनाची किंमत ठरविताना क्रमाने पुढील बाबींचा विचार करतात : (१) एंजिनाचा नेमका प्रकार, (२) ते ज्या गाडीत आहे किंवा जीत बसवावयाचे आहे तिच्याशी त्याचे नाते, (३) त्या प्रकाराची दुर्मिळता व मागणी, (४) ठोकळ्याची भौतिक स्थिती, (५) शीर्षे, कार्ब्युरेटर, नळकांडी, विद्युत्‌ साधने इ. भागांचा पूर्णपणा व त्यांवरील दिनांकांची संगती. (६) पुराव्याची बळकटी.

यांतील दुसरी बाब निर्णायक ठरते. गाडीत मूळचे असलेले एंजिन त्या गाडीपासून वेगळे काढून विकल्यास दोहोंची किंमत घटते. पुन्हा एकत्र आल्यास ती वाढते. याउलट सामान्य प्रकारच्या एंजिनाचे क्रमांक जुळत असले, तरी त्यामुळे किमतीत फारशी भर पडत नाही. दुर्मिळता व मागणी या दोन्ही एकत्र असाव्या लागतात. ज्याला कोणी विचारीत नाही असे दुर्मिळ एंजिन स्वस्तच राहते.

१९६७ च्या कॉर्व्हेट गाडीतील ४२७ घ. इंचांची (सु. ७ लि.) एंजिने हे याचे ठळक उदाहरण आहे. ३९०४३५१ हा त्यांच्या ठोकळ्याचा ओतीव क्रमांक सर्वसाधारण व खास अशा दोन्ही प्रकारांत आढळतो. प्रत्ययाक्षरे आयएल असल्यास एंजिन ३९० अश्वशक्तीचे, जेई असल्यास ४३५ अश्वशक्तीचे व आयटी असल्यास एल८८ या शर्यतीच्या प्रकाराचे असते. कंपनीने एल८८ ची शक्ती मुद्दाम कमी, म्हणजे ४३० अश्वशक्ती, जाहीर केली होती. प्रत्यक्षात ती पुष्कळच अधिक होती. ४३५ अश्वशक्तीच्या एंजिनासाठी तेव्हा ४३७·१० डॉलर, तर एल८८ साठी ९४७·९० डॉलर जादा आकारले जात. १९६७ मध्ये एल८८ असलेल्या अवघ्या २० गाड्या विकल्या गेल्या. त्यांपैकी एक गाडी जानेवारी २०१४ मध्ये ॲरिझोनातील लिलावात ३८·५ लाख डॉलरला गेली. अशा वेळी ठोकळ्याच्या पट्टीवरील दोन अक्षरे खरी आहेत की खोटी, या प्रश्नावर लाखो डॉलर अवलंबून असतात. म्हणूनच अशा व्यवहारात केवळ क्रमांकावर कोणी विसंबत नाही. मालकांची अखंड साखळी, जुनी छायाचित्रे, खरेदीच्या पावत्या व इंधनटाकीवर चिकटविलेला बांधणीचा कागद यांसारखे पुरावे मागितले जातात.

भारतातील परिस्थिती : फोर्ड कंपनीच्या कॅनडातील शाखेने १९२६ मध्ये भारतात कंपनी स्थापिली, तर जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. स्वातंत्र्योत्तर काळात देशी उत्पादनाचे धोरण स्वीकारले गेल्यावर या दोन्ही कंपन्यांनी पन्नाशीच्या दशकाच्या पूर्वार्धात येथील जुळणी थांबविली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात डॉज व प्लिमथ गाड्यांची जुळणी १९४७ मध्ये सुरू झाली. या गाड्यांची एंजिने परदेशी ओतशाळांतूनच आलेली होती. त्यामुळे मुंबईत जुळलेल्या गाडीच्या ठोकळ्यावर अमेरिकन किंवा कॅनेडियन संकेतांक आढळावेत, यात विसंगती नाही.

आयातीवरील निर्बंधांमुळे सुटे भाग दुर्मिळ झाले आणि पेट्रोलच्या खर्चामुळे अनेक मोठ्या अमेरिकन गाड्यांत डीझेल एंजिने बसविण्यात आली. मूळ एंजिने भंगारात गेली किंवा पाण्याचा पंप चालविण्यासारख्या कामी लागली. म्हणून मूळ एंजिन टिकून असलेली गाडी येथे विशेष जपण्याजोगी ठरते. गुदामात किंवा भंगारवाल्याकडे पडलेला जुना ठोकळा वितळविण्यास देण्यापूर्वी त्यावरील अंक साफ करून वाचणे इष्ट असते. त्यासाठी तारेचा ब्रश, रॉकेल, तिरपा प्रकाश व खडू एवढी साधने पुरतात. छिन्नी किंवा घासणीचे चाक कधीही वापरू नये.

मोटार वाहन नोंदणी प्रमाणपत्रात चासी क्रमांकाबरोबर एंजिन क्रमांकाचीही नोंद असते. हा क्रमांक ठोकीव असावा लागतो. त्याजागी ओतीव क्रमांक लिहिला गेल्यास तो त्या जातीच्या असंख्य एंजिनांना लागू पडतो आणि नोंदीचा हेतूच विफल होतो. एंजिन बदलल्यास प्रमाणपत्रात तशी दुरुस्ती करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार प्रथम नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ स्वरूपात जतन केलेली व लक्षणीय फेरबदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येतात. त्यांच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून प्रमाणपत्र दहा वर्षे ग्राह्य असते. ‘मूळ स्वरूप’ ही अट आल्यामुळे एंजिनाची ओळख हा संग्राहकाच्या हौसेपुरता विषय न राहता प्रशासकीय महत्त्वाचाही ठरला आहे.

ओतीव संकेतांक हा पुरावा असतो, निकाल नव्हे. ठोकळा काय असू शकतो हे तो सांगतो. तो प्रत्यक्षात काय आहे, हे ठोकीव संकेतांक, दिनांकांचा क्रम, मोजमाप व कागदपत्रे यांच्या एकत्रित साक्षीनेच ठरते.